जुनेराचा भाव : पॅरिसच्या बाजारातून



मागच्या महिन्यात आपला गोधडीवरचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर तीन-चार गटांकडून एकच प्रश्न आला. "ताई, तुम्ही लेकीकडे पॅरिसला राहून आलात. तिथे म्हणे चांगल्या खात्यापित्या घरच्या बायका दुसऱ्याचे वापरलेले कपडे विकत घेतात, कधीकधी नव्यापेक्षा जास्त पैसे मोजून. हे खरं का?" एका आजींनी तर फोनवर सरळच विचारलं, "अगं, पण मेलेल्या माणसाचे असले तर?"

खरं आहे. आणि आजी, पुष्कळदा ते मेलेल्या माणसाचेच असतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं, लेकरं दूर गावी असली, की घर रिकामं करून देणाऱ्यांना बोलावतात. कपाटातले कोट, झगे, हातमोजे, टोप्या, सगळं थोड्याच दिवसांत बाजारात येऊन बसतं. तिथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. मला पहिल्यांदा वाटलं. पण थंडी अशी होती की फार वेळ वाटत राहिलं नाही.

मी गेले नोव्हेंबरात. इथून नेलेली शाल आणि दोन स्वेटर यांचं तिथे काही चालेना. लेक दुकानात घेऊन गेली. लोकरीचा बरा कोट अडीचशे युरो. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. तर पंचवीस हजार. मी म्हटलं, मी घरातच बसते. तेव्हा ती म्हणाली, "चल, रविवारी तुला जुन्या बाजारात नेते."

पॅरिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत काचा आणि उंच टाचांच्या बायका येतात. तेही आहे. पण त्या शहराच्या कडेकडेने, जिथे जुन्या काळी गावकूस होतं, तिथे जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. पूर्वेला माँत्रय, दक्षिणेला व्हाँव्ह आणि उत्तरेला सगळ्यांत मोठा सँत-उआँ. मी पहिल्यांदा गेले ती माँत्रयला. पालं ठोकलेली, जमिनीवर आणि टेबलांवर कपड्यांचे ढीग, आणि ढिगाभोवती बायका वाकलेल्या. अगदी आपल्या आठवडी बाजारातलं चित्र. कोणी भाव लिहिलेला नाही, घडी घातलेली नाही. हात घालायचा, ओढायचं, बघायचं, पसंत नाही तर परत टाकायचं. मोलमजुरी करणाऱ्या बायका, परदेशातून आलेली कुटुंबं आणि त्यांच्याच शेजारी छान कपडे केलेल्या कॉलेजच्या पोरी. सगळ्यांचे हात एकाच ढिगात.

मग हळूहळू कळलं की जुना कपडा तिथे एका शिडीवरून वर चढत जातो. तळाला हा ढीग. त्याच्या वरच्या पायरीला वजनावर विकणारी दुकानं. शहराच्या मध्यभागी मारे नावाचा जुना, अरुंद गल्ल्यांचा भाग आहे, तिथे ती पुष्कळ दिसतात. प्रत्येक कपड्याला रंगीत बिल्ला लावलेला असतो आणि कोणत्या रंगाला किलोला किती युरो, ते भिंतीवर लिहिलेलं असतं. दुकानातच वजनकाटे ठेवलेले. गिऱ्हाइकानेच कपडा काट्यावर ठेवायचा. आता आपल्यासारख्या बायकांना हा हिशेब समजायला वेळ लागत नाही. समजा दर किलोला तीस युरो आहे. जाडजूड कोट दोन किलोचा भरला तर साठ युरो झाले. पण त्याच दराच्या बिल्ल्यात रेशमाचा ब्लाउज असला तर तो भरतो शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे तीन-चार युरो! पोरीबाळी जाड जाकिटांवर तुटून पडतात. म्हाताऱ्या बायका गुपचूप रेशीम, पातळ सुती आणि मलमलीकडे वळतात. मीही तेच केलं. तिथून घेतलेला बदामी रेशमी ब्लाउज अजून माझ्याकडे आहे.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे निवडक जुन्या कपड्यांची दुकानं. इथे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, बटणं बदललेली, रंगांप्रमाणे टांगलेली. ढिगात पाच युरोला पडलेला झगा इथे साठ-सत्तरला. आणि सगळ्यांत वर जी दुकानं, त्यांना ते 'देपो-व्हाँत' म्हणतात. म्हणजे ठेवायचं आणि विकायचं. श्रीमंत बाई आपला एक-दोनदा घातलेला मोठ्या शिवणघराचा झगा दुकानात आणून ठेवते. विकला गेला की पैशाची वाटणी होते, साधारण निम्मे दुकानाचे आणि निम्मे तिचे. नाही विकला तर ती परत नेते. पैसेवाल्यांच्या सोळाव्या विभागात पोंप रस्त्यावर असं एक प्रसिद्ध दुकान आहे, 'रेसिप्रोक' नावाचं. मी काचेतून बघून परत आले. किंमत बघायची तर आत जावं लागलं असतं, आणि आत जायला माझ्या चपला साथ देईनात.

या शिडीची गोष्ट नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. दीड-दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हजारो चिंधीवेचे होते. पाठीला टोपली, हातात आकडा आणि कंदील. रात्री लोकांनी दारापुढे टाकलेला कचरा ते उपसायचे. चिंध्यांना तेव्हा चांगली मागणी होती, कारण कागद चिंध्यांपासून बनायचा. लाकडाच्या लगद्याचा कागद नंतर आला. हाडं, काच, केस, लोखंड, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. आणि कचऱ्यात धड कपडा सापडला तर तो पुन्हा विकायला जायचा. १८८३ साली तिथला प्रांताधिकारी यूजेन पुबेल याने हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवलाच पाहिजे. चिंधीवेच्यांच्या पोटावर पाय आला, मोठी ओरड झाली. त्या साहेबाचं नाव मात्र कायमचं राहिलं: फ्रेंच लोक अजूनही कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल'च म्हणतात. अमर व्हायचा हाही एक मार्ग!

शहरातून बाहेर ढकलले गेलेले हे लोक तटबंदीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत राहायचे आणि तिथेच जमिनीवर माल मांडायचे. हळूहळू शहरातली माणसं रविवारी तिकडे फिरायला आणि खरेदीला जाऊ लागली. सँत-उआँच्या बाजाराची सुरुवात १८८५ सालची धरतात. जुन्या गाद्या आणि कपड्यांत पिसवा असणारच, म्हणून नाव पडलं 'पिसवांचा बाजार'. आज जगभर जुन्या बाजाराला हेच नाव लावतात, ते इथून गेलेलं.

श्रीमंतांनी टाकलेल्या कपड्यांचा बाजार शहराच्या आतही होता. ताँप्ल नावाच्या भागात १८६३ साली लोखंडी खांबांचं मोठं बाजारगृह बांधलं गेलं, तिथे जुने कपडे विकले जायचे. मालकिणीच्या अंगावरून उतरलेला झगा मोलकरणीला मिळायचा, तिच्याकडून तो इथे यायचा, आणि उसवून, उलटा करून, कातरून दुसऱ्या बाईच्या अंगावर जायचा. ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे खेळ आणि गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात.

म्हणजे जुना कपडा हा गरिबाचा कपडा होता. मग त्याला मान कधी आला? याची एक छान गोष्ट आहे. मोठा चित्रकार पाब्लो पिकासो, त्याची मुलगी पालोमा. १९७० च्या सुमारास ती पिसवांच्या बाजारातून तीस वर्षांपूर्वीचे कपडे घ्यायची आणि मिरवायची. रुंद खांद्यांचे जाकीट, जाड तळाचे बूट, डोक्याला फेटा. तिचा मित्र होता नामांकित शिवणकार ईव्ह सँ लोराँ. त्याने तिला बघून १९७१ च्या जानेवारीत तशाच धाटणीचे नवे कपडे शिवून दाखवले. पॅरिसची वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. कारण ते कपडे म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या शहराची आठवण. त्या युद्धाच्या दिवसांत कापड मिळत नव्हतं म्हणून घागरे आखूड झाले होते, चामडं मिळत नव्हतं म्हणून बुटांना लाकडाचे जाड तळ आले होते. म्हाताऱ्यांना त्यात उपासमार दिसली. तरण्या पोरींनी ते दिवस पाहिलेले नव्हते, त्यांना त्यात ऐट दिसली. काही वर्षांत ऐटच जिंकली.

आज अशा कपड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात. मूळ शब्द द्राक्षांचा बरं का! द्राक्षांच्या तोडणीला फ्रेंचमध्ये 'व्हाँदांज' म्हणतात, त्यावरून इंग्रजीत 'व्हिंटेज' झाला, म्हणजे अमुक एका सालच्या द्राक्षांची दारू. मग चांगल्या जुन्या सालाची कुठलीही वस्तू. आपल्या निफाड-दिंडोरीच्या मैत्रिणींना हा शब्द आता परका वाटायला नको. साधारण वीस वर्षांपलीकडचा कपडा व्हिंटेज आणि शंभर वर्षांपलीकडचा पुराणवस्तू, असा व्यापाऱ्यांचा रिवाज आहे. पण नुसता जुना असून भागत नाही. जुनी फाटकी चादर ही जुनी फाटकी चादरच.

आता खरेदीकडे येते. कारण मी तिथे एकदा शहाणी ठरले आणि एकदा चांगलीच फसले.

शहाणी ठरले ती कोटाच्या बाबतीत, पण त्याचं श्रेय माझं नाही. सँत-उआँला मेट्रोतून उतरलं की रस्त्यावर आधी स्वस्त नव्या जीन्स आणि बुटांचे ठेले लागतात. नवखी माणसं तिथेच थांबतात आणि 'हाच का तो बाजार' म्हणून नाक मुरडतात. ते ओलांडून, मोठ्या वर्तुळाकार रस्त्याच्या पुलाखालून पलीकडे गेलं की खरा बाजार सुरू होतो. शनिवार, रविवार, सोमवार भरतो. आत डझनभर वेगवेगळे बाजार आहेत, कुठे राजवाड्यातल्यासारखं सामान, कुठे जुनी बटणं, कुठे लेस. एका गल्लीत सत्तरीची एक बाई कोट घेऊन बसली होती. मी आधी गेले तशी हात घालून कोट उलटसुलट करू लागले, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की लेकीने मला मागे ओढलं. तिथे दुकानात शिरताना 'बाँझूर' म्हणायचंच. नमस्कार न करता वस्तूला हात लावला तर ते उर्मटपणाचं समजतात, मग भावही उर्मट माणसाला लावतात तोच लागतो. मी मागे आले, बाँझूर म्हटलं, मग बाई हसली.

तिने मला कोट बघायला शिकवलं. पहिल्यांदा तो उलटा केला. आतून शिवण बघायची. जुन्या चांगल्या कपड्यात शिवणीला माया भरपूर ठेवलेली असते, दोन-दोन बोटं, म्हणजे पुढे सैल करता येतो. हल्लीच्या कपड्यात माया नसतेच, कडेला नुसती मशीनची जाळी फिरवलेली. मग काख. घामाने कापड कुजतं ते तिथे, आणि तो डाग कुठल्याही धुण्याने जात नाही. मग कॉलर उलटून मानेचा भाग. मग कोट दोन्ही हातांनी उंच धरून उजेडाकडे. लोकरीला कसर लागली असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं चमकतात. एखाददुसरं असलं तर रफू होतं, पण एक भोक म्हणजे आत अंडीही असू शकतात. शेवटी नाक लावून वास घ्यायचा. उन्हात टाकून जाईल असा पेटीचा वास वेगळा, आणि बुरशीचा कुबट वास वेगळा. दुसरा कधीच जात नाही, ही तिची शिकवण.

आणि आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या कोटावरचा बेचाळीस आणि आजचा बेचाळीस यांत बरंच अंतर, जुने कपडे अंगाला लहान असतात. आपली टेप बरोबर न्यावी. मला काळ्या-करड्या लोकरीचा कोट मिळाला, पस्तीस युरोला. मागितले होते पंचेचाळीस. घासाघीस तिथेही चालते, पण आपल्यासारखी नाही. 'यात काय आहे, भोकं पडलीत' असं वस्तूला नावं ठेवून भाव पाडायला गेलात तर बाई कोट परत टांगून ठेवते. 'मला आवडलाय, तुम्ही कितीला द्याल?' असं विचारायचं. नोटा हातात असल्या तर चार-पाच युरो आणखी कमी होतात.

या यशाने मी शेफारले. पंधरा दिवसांनी त्याच बाजारात, वेगळ्या गल्लीत, शंभरेक वर्षांपूर्वीचं एक जाकीट दिसलं. आत रेशमी अस्तर आणि अस्तरावर सोनेरी अक्षरांत शिवणघराचं नाव. हे नावाचं प्रकरणही पॅरिसचंच. चार्ल्स वर्थ नावाचा इंग्रज शिंपी तिथे आला, १८५८ साली त्याने स्वतःचं शिवणघर काढलं आणि चित्रकार चित्रावर सही करतो तसं आपल्या कपड्यात नाव शिवायला लागला. तेव्हापासून नावालाच भाव. मी ते नाव बघून भुलले आणि चाळीस युरो देऊन मोकळी झाले. शिवण बघितली, काख बघितली, वास घेतला. अस्तर मात्र चाचपलं नाही. घरी येऊन एकदा घातलं, हात वर केला, आणि अस्तर उभं फाटत गेलं, जसा पापड मोडतो तसं.

विक्रेत्याकडे परत गेले, तर त्याने पाटी दाखवली: घेतलेला माल परत नाही, बदलून नाही. मागाहून एका जाणत्या बाईने कारण सांगितलं, ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे. कच्चं रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की त्याचं वजन बरंच घटतं, जवळजवळ पाव हिस्सा. रेशीम वजनावर विकलं जायचं, तेव्हा ती घट भरून काढायला रंगारी ते कथलाच्या क्षारात बुडवायचे. कापड जड, भरदार, सळसळतं व्हायचं. नव्यात फार देखणं दिसायचं. पण ते क्षार आतून धागा खात राहतात, आणि पन्नास-शंभर वर्षांनी पेटीत ठेवल्याठेवल्या कापड चिरत जातं. त्याला औषध नाही. म्हणून जुनं रेशीम घेताना शिवणीतल्या मायेचा तुकडा दोन अंगठ्यांत धरून हळूच ताणून बघायचा. करकर वाजला की ठेवून द्यायचं, आत कुणाचंही नाव असो.

मोठ्या नावाच्या पर्सा आणि पट्टे तर खोटेही निघतात. आणि तिथे नकली माल विकणाऱ्याइतकाच बाळगणाराही कायद्यात अडकतो, विमानतळावर जप्ती आणि वर दंड. त्यामुळे रस्त्यावर चादर पसरून 'नामांकित' पर्स विकणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

नव्या कपड्यांबद्दल फार सांगत नाही, पण दोन गोष्टी सांगते. भाव लिहिलेला, आत जाऊन नुसतं बघायला मोकळीक, नको असेल तर वस्तू परत, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानाने रुळवल्या. आरिस्तिद बुसिको १८५२ साली त्या दुकानात भागीदार झाला तेव्हापासून. त्याची बायको मार्गरित खेड्यातली, गरीब घरातली, लहानपणी हंस राखणारी पोर. नवरा १८७७ साली वारला, त्यानंतर तिने दुकान सांभाळलं, नोकरांना त्यात भागीदारी दिली, आणि मरताना पुष्कळ संपत्ती कामगारांना आणि दवाखान्यासाठी ठेवून गेली. ते दुकान अजून आहे.

दुसरी गोष्ट सेलची. आपल्याकडे काही दुकानांवर सेलची पाटी बारा महिने असते, पाटी नवी आणि सेल जुना. फ्रान्समध्ये मोठा सेल वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीपासून, चार-चार आठवडे, तारखा सरकार ठरवतं. जुनी किंमत आणि कमी केलेली किंमत दोन्ही लिहावी लागतात, आणि सेलसाठी म्हणून आयत्या वेळी माल आणून ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी बायका सकाळीच दारात उभ्या असतात.

आता कोणी म्हणेल, एवढे कपडे जुन्या बाजारात येतात कुठून? रस्त्यांवर मोठ्या पांढऱ्या पेट्या दिसतात, 'रले' नावाच्या संस्थेच्या. लोक त्यात पिशव्या टाकतात. पुढे निवडणीच्या कारखान्यात पट्ट्यावरून कपडे सरकत येतात आणि माणसं एकेक उचलून बाजूला करतात. निवडणाऱ्याच्या हाताला क्षणात कळावं लागतं: हा दुकानात जाईल, हा आफ्रिकेला, हा पुसायच्या फडक्यांना, हा दळून घराच्या भिंतीत भरायला. उत्तम मालाला ते 'साय' म्हणतात आणि साय शंभरात मोजकीच निघते. बाकीच्यांत युरोपातल्या जुन्या लोकरीचा एक वाटा हिंदुस्थानात पानिपतला येतो. आपल्याला पानिपत वेगळ्या कारणाने ठाऊक, पण जुनी लोकर फाडून पुन्हा कातायचा तिथे मोठा धंदा आहे. हिवाळ्यात रस्त्याकडेला मिळणारी करडी ब्लँकेटं, त्यांतली पुष्कळशी तिथलीच. कोणा फ्रेंच म्हातारीचा स्वेटर तुमच्या-माझ्या अंगावर असेल, आजी!

न विकलेले नवे कपडे जाळून किंवा नष्ट करून टाकायला २०२२ पासून तिथे कायद्याने बंदी आहे. आणि २०२३ पासून कपडा किंवा बूट दुरुस्त करून घेतला तर बिलातले सहा ते पंचवीस युरो वजा होतात, कामाप्रमाणे. मात्र शिंपी किंवा चांभार त्या योजनेत नोंदलेला हवा. माझ्या कोटाचं अस्तर तसंच बदलून घेतलं. शिंप्याने विचारलं, "कोणत्या सालातला?" मी म्हटलं, "माझ्याच वयाचा असेल."

आता तुमच्या मूळ प्रश्नाच्या मुळाशी येते, कारण मला ठाऊक आहे तुम्ही तो का विचारलात. त्याच मारे भागात, घरसजावटीच्या एका दुकानात, मला गोधडी दिसली. जुन्या साड्यांची, दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगाची, हाताने धावदोरा घातलेली. बंगालकडे कांथा म्हणतात त्या तऱ्हेची. चिठ्ठीवर लिहिलेलं: भारत, जुन्या साड्या, हातशिवण, असा दुसरा नग नाही. खाली एकशे वीस युरो. एका कोपऱ्यात साडीच्या काठावरची कोयरीही होती. दुकानदारीण म्हणाली, ही आमची 'काश्मिरी' नक्षी. नेपोलियनच्या वेळी काश्मिरी शाली पॅरिसमध्ये आल्या तेव्हापासून ते तिला तेच म्हणतात. मी विचारलं, ही शिवली कोणी? तिला माहीत नव्हतं. किती दिवस लागले? माहीत नव्हतं. मी धावदोऱ्याच्या ओळी मोजत उभी राहिले. पंधरा दिवसांच्या खाली काम नव्हतं ते.

अर्धा तास मी तिथे रेंगाळले आणि गिऱ्हाइकं काय बघतात ते पाहिलं. पहिल्यांदा नाक लावतात. मग उलटी बाजू बघतात, टाका दोन्हीकडे सारखा आहे का. मग बोटांत कापड चोळून बघतात, सुती की मिसळीचं. आणि मग चिठ्ठी वाचतात, दोनदा.

आपल्या गटांनी एकदम पॅरिसला गोधड्या पाठवाव्यात असं मी म्हणत नाही. एका गोधडीचा टपालखर्चच घाम फोडेल. पण पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात बसाल तेव्हा हेच डोळे तुमच्यासमोर येणार आहेत. साड्या शिवायच्या आधी धुवा, उन्हात वाळवा, शिवल्यावर नव्हे. सुती आणि टेरिकॉट एका गोधडीत घालू नका, दोन्ही वेगळं आटतात आणि मधेच फुगा येतो. प्रत्येक जुनेराचा तुकडा अंगठ्यांत ताणून बघा, कुजलेला आत भरायलाही घेऊ नका. आणि चिठ्ठी लिहा: कोणत्या गावच्या, कोणी शिवली, किती दिवस लागले, माप काय, धुवायची कशी. पॅरिसच्या त्या गोधडीवर सगळं होतं, फक्त शिवणारणीचं नाव नव्हतं.

कपाटातल्या साड्यांचंही बघा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवरच तुटते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, जर आतल्या बाजूला ठेवा आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळा.

हे मला उशिरा कळलं. आईचं इरकली लुगडं, रेशमी पदराचं, मी बोहारणीला दिलं होतं, स्टीलच्या एका डब्यासाठी. डबा अजून आहे, त्यात डाळ ठेवते. परवा बोहारीण दारात आली तेव्हा मी तिला चहा दिला आणि ती कपडे कशी बघते तेच बघत बसले. तिने माझ्या सुनेचा ड्रेस उलटा केला. आधी शिवण, मग काख. मग उजेडाकडे धरला. मी विचारलं, "मावशी, हे सगळं पुढे कुठं जातं?" म्हणाली, "धड ते बाजारात, धुऊन-शिवून. फाटकं फडक्याला. जरीवाले वेगळे, ते जाळून चांदी काढतात. आणि जुनी हातमागाची लुगडी न्यायला आता वेगळीच माणसं येतात मोटारीतून."

"ते काय भाव देतात?" मी विचारलं.

ती हसली, कप खाली ठेवला आणि टोपली डोक्यावर घेतली.